जुना माल, नवा भाव

तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण आपल्या आयाबायांच्या तोंडी किती पिढ्यांची आहे कोण जाणे. परंतु ज्याने आपल्या रानात सोयाबीन पेरले, ते पडत्या भावाने बाजार समितीत ओतले, आणि त्याच जातीचे तेल चढत्या भावाने दुकानातून घरी आणले, त्या शेतकऱ्यास ह्या म्हणीचा अर्थ मास्तराने समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. आज आम्ही जे लिहीत आहोत ते ह्या तेलाविषयीच आहे. विषय किराणा दुकानाचा आहे, तेव्हा मोठ्या लोकांस तो हलका वाटेल. वाटो बापडा. ज्याच्या घरी महिन्याचे सामान एकदम भरले जाते त्याने हे पान उलटावे. जिच्या घरी पोरगे वाटी घेऊन तेलाला पाठवावे लागते, त्या माउलीसाठी हे लिहिले आहे.

शनिवार, ता. 14 सप्टेंबर 2024. गणपती बसलेले होते. सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही कोल्हारच्या पेठेत नेहमीच्या दुकानी गेलो आणि तेलाची एक पिशवी मागितली. आदल्या दिवशी तीच पिशवी शेजारच्या वहिनींनी 112 रुपयांस नेलेली आम्हांस ठाऊक होते. दुकानदाराने 130 मागितले.

आम्ही म्हणालो, "शेठ, पिशवी तीच, फळी तीच. काल दुपारी ती इथेच होती. रात्रीतून हिला काय झाले?"

"गुरुजी, दिल्लीने कर लावला ना. पेपर वाचत नाही का तुम्ही?"

आम्ही पेपर वाचतो. पिशवीही वाचली. तिच्यावर भरल्याचा महिना जुलै होता.

आता कर लागला हे खोटे नव्हते. 13 सप्टेंबरच्या रात्री हुकूम निघाला आणि 14 पासून बाहेर देशाहून येणाऱ्या कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावर 20 टक्के मूळ आयातकर बसला. त्याआधी मूळ कर शून्य होता. इतर उपकर धरून जो बोजा 5.5 टक्के होता तो 27.5 झाला, शुद्ध केलेल्या तेलावरचा 13.75 होता तो 35.75 झाला. कारण सांगितले ते असे की बाहेरच्या स्वस्त तेलाने आपल्या तेलबियांचा भाव पडतो, तो सावरावा. हे कारण आम्हांस मान्य आहे. परदेशी माल बंदरात येऊन आपल्या कुणब्याच्या मालाला लाथ मारीत असेल तर दारात उंबरठा घालावाच लागतो. कराविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु हा कर माल बंदरात उतरतो तेव्हा भरावयाचा असतो. जुलैत भरलेली पिशवी बंदरातून कधीच सुटलेली होती आणि तिने शून्याचा कर भरून आपले पाप फेडलेले होते. तिच्यावर 14 तारखेस 18 रुपये कोणी चढविले? दिल्लीने नव्हे.

हे दिल्लीसही कळत होते. 17 तारखेस, अनंत चतुर्दशीच्या दिवशी, केंद्राच्या अन्न खात्याच्या सचिवांनी तेलवाल्यांच्या संघांस बोलावून सांगितले की कमी करात आलेला साठा संपेपर्यंत भाव वाढवू नका. देशात त्या वेळी असे सुमारे 30 लाख टन तेल होते, म्हणजे 45 ते 50 दिवसांची बेगमी. दिवाळीपर्यंतची फोडणी जुन्या तेलात होण्याजोगी होती! परंतु सचिवांनी जे दिले त्याचे नाव सल्ला. सल्ल्याला दात नसतात. नगर-मनमाड रस्ता आमच्या गावातून जातो, त्यावरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात. वाढीव भाव त्यांच्याही आधी गावात पोहोचला, सल्ला मात्र अजून वाटेतच आहे.

मास्तरकीची खोड म्हणून आम्ही एक गणित केले. 30 लाख टन म्हणजे 300 कोटी किलो. किलोमागे नुसते 10 रुपये जादा घेतले गेले असे धरले तर रक्कम 3,000 कोटी होते. इतकी रक्कम अमक्याने खाल्ली असे आम्ही म्हणत नाही. सगळ्यांनीच भाव चढविला असेल असेही नाही. पण उधारीच्या वहीत 18 रुपयांसाठी बोट लावणाऱ्या बाईस हे गणित एकदा कळू द्यावे एवढाच हेतू.

बरे, ज्या कुणब्यासाठी उंबरठा घातला, त्याच्या पदरात काय पडले? त्या हंगामात सोयाबीनचा सरकारी आधारभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. काढणी झाली, दसरा आला, आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत राहिला. सरकारी खरेदीत न्यावे तर दाण्यात 12 टक्क्यांवर ओल चालत नव्हती. ती सवलत 15 टक्क्यांपर्यंत दिली तोवर नोव्हेंबर उजाडला होता. ज्याला मुलीच्या फीचे पैसे द्यावयाचे होते, ज्याला गव्हाचे बी घ्यावयाचे होते, तो थांबला नाही. तेव्हा तेल महाग झाले हे खरे, पण बी महाग झाले नाही. मधल्या मध्ये काय झाले हे दाखविणारे भिंग आमच्या शाळेच्या कपाटात नाही.

कांद्याची गोष्ट ह्याहून स्पष्ट आहे, आणि ती आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. 19 ऑगस्ट 2023 रोजी कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के कर बसला. पुढे 8 डिसेंबरपासून निर्यात पुरती बंद झाली, ती मे 2024 पर्यंत. हुकूम निघाला त्या दिवशी लासलगावकडे लिलाव बंद पडले, रस्ते अडले, आणि सुरू झाले तेव्हा भाव कोसळलेला होता. चाळीत पडलेला कांदा तोच, शेतकरी तोच, खर्च तोच. त्या दिवशी कोणी व्यापारी म्हणाला काय, की बाबा, हा तुझा जुना माल आहे, बंदीच्या आधी काढलेला आहे, ह्याला जुनाच भाव देऊ? शेतकऱ्याचा माल हुकुमाच्या दिवशीच नवा होतो. दुकानातला माल मात्र सोयीप्रमाणे जुना किंवा नवा होतो.

सोयीप्रमाणे हा शब्द आम्ही रागाने लिहिलेला नाही. पुढचे ऐका. 30 मे 2025 रोजी कच्च्या तेलावरचा तोच मूळ कर 20 वरून 10 टक्क्यांवर आणला. एकूण बोजा 27.5 वरून 16.5 झाला. आम्ही आनंदाने त्याच दुकानी गेलो. शेठ म्हणाले, "गुरुजी, हा जुना माल आहे. महागात घेतलेला." आठ दिवसांनी गेलो, तेव्हाही जुना माल. त्या जुन्या मालाचे आयुष्य इतके दीर्घ निघाले की आम्हांस त्याच्या प्रकृतीचा हेवा वाटू लागला. मग 22 सप्टेंबर 2025 आला. घटस्थापना होती. त्या दिवसापासून साबण, टूथपेस्ट, डोक्याचे तेल, बिस्किटे ह्यांवरचा जी.एस.टी. 18 चा 5 झाला. मूळ किंमत 100 धरली तर 118 ची वस्तू 105 ला यावयाची. दुकानात उत्तर तेच. जुना माल!

येथे कायदा काय म्हणतो तो वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा, कारण दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही येथे घोटाळा करितात. आयातकर बंदरात भरतात. म्हणून जो माल कर वाढण्याआधी उतरला त्याला जुनाच, कमी कर लागलेला असतो. जी.एस.टी. विक्रीच्या वेळी लागतो. म्हणून 22 सप्टेंबरनंतर विकलेल्या वस्तूला नवाच, कमी कर लागतो, मग ती वस्तू फळीवर सहा महिने धूळ खात असो. पाकिटावर जुनी किंमत छापलेली असली म्हणून काही बिघडत नाही. ती वरची मर्यादा असते, त्याखाली विकण्यास कोणाची मनाई नसते. म्हणजे पाहा, सप्टेंबर 2024 मध्ये माल जुना आहे ही गिऱ्हाइकाची बाजू होती आणि सप्टेंबर 2025 मध्ये माल जुना आहे ह्याने गिऱ्हाइकाचे काहीच अडत नव्हते. दोन्ही वेळा हिशेब आपल्या बाजूने होता आणि दोन्ही वेळा पैसे आपल्या खिशातून गेले.

दुकानदाराचीही एक बाजू आहे. ती न मांडणे अन्याय होईल. तो म्हणतो, "आज हा खोका जुन्या भावाने विकला, तर उद्या तितक्याच पैशांत मला पाऊण खोका मिळेल. माझे भांडवल आटेल." हे खरे आहे. ज्याचे भांडवलच चार खोक्यांचे, त्याने उद्याच्या खरेदीकडे डोळा ठेवून आजचा भाव धरला तर आम्ही त्यास चोर म्हणणार नाही. परंतु मग हाच न्याय उतरत्या वेळीही लागला पाहिजे. उद्याचा माल स्वस्त मिळणार असेल तर आजचा महागाचा माल थोडा सोसून विकला पाहिजे. चढताना डोळा उद्याकडे आणि उतरताना कालकडे, अशी मान फिरविता येत नाही. लोकांचा विश्वास उडाला आहे तो 18 रुपयांनी नव्हे, ह्या फिरत्या मानेने.

आता एक गोष्ट सांगतो. ती आमच्याच चुकीची आहे.

ट्रेनिंग कॉलेजात आम्हांस शिकविले होते की गणित पोरांच्या घरातून आणावे. त्या भाद्रपदात आम्ही चौथीच्या मुलांस सांगितले की घरच्या रिकाम्या पिशव्या, पुडे, चिठ्ठ्या आणा. वर्गाच्या फळ्याच्या कडेला एक तक्ता केला : वस्तू, वजन, भरल्याचा महिना, छापील किंमत, दिलेले पैसे, दुकान. पोरांना मोठी मौज वाटली. एकाच दिवशी एकच पिशवी चार घरांत चार भावांनी आली हे त्यांनी शोधून काढले. रोख नेणाऱ्याला एक भाव, वहीवर नेणाऱ्याला दुसरा, हेही निघाले. आम्ही मनातल्या मनात खूश होतो.

वर्गात एक मुलगी होती, बाप लोहारकाम करितो. तिला आईने तेलाला पाठविले. तिने दुकानात पिशवी उलटीसुलटी केली, महिना वाचला आणि चारचौघांत म्हणाली, "काका, ही तर जुलैची आहे. कालच्या भावानं द्या ना." दुकानात हशा झाला. दुकानदार हसला नाही. तो म्हणाला, "बापाला सांग, मागली बाकी आधी आणून दे. मग भाव करू."

त्या सांजेला तिचा बाप शाळेच्या दाराशी आला. हातात टोपी धरून उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, पोरीला शिकवा, लई शिकवा. पण दुकानात बोलाया नका शिकवू. आमचं पोळ्यापासनं खातं चालूय."

आम्ही काही बोलू शकलो नाही. आम्हांस महिन्याच्या महिन्यास पगार मिळतो. आम्ही भाव विचारला तर दुकानदार फार तर तोंड वाकडे करील. त्याने विचारला तर चूल विझेल. उधारीवर जगणाऱ्याला भाव विचारण्याचा हक्क कागदावर आहे, दुकानात नाही. ग्राहकांच्या तक्रारीसाठी 1915 हा नंबर सरकारने दिला आहे, चांगला आहे, लावावा. पण तक्रारीस आधार लागतो पावतीचा, आणि वहीत लिहून घेणाऱ्यास पावती कोण देतो? रोख पैसेवाल्याने विचारले तरच गरिबासाठी भाव खाली येईल, एरवी नाही. हे आम्हांस त्या दिवशी कळले. तक्त्यातून दुकानाचे नाव लिहिण्याचा रकाना आम्ही त्याच रात्री पुसला. बाकीचा तक्ता ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात जाऊन बसलो. भांडावयास नव्हे, पोरीचा राग बापावर निघू नये म्हणून. चहा झाला. दुकानदाराने आपण होऊन घाऊक व्यापाऱ्याची बिले आमच्यापुढे टाकली. 14 तारखेस त्याच्याकडे जुन्या खरेदीचे 11 खोके होते, खोक्यात 12 पिशव्या. सोमवारी, 16 तारखेस, त्याने जे नवे खोके घेतले त्यांवर महिना ऑगस्टचा होता, आणि बिलात भाव नवा होता! म्हणजे जे त्याने आमच्याशी केले तेच वरच्याने त्याच्याशी केले होते. जुन्या 132 पिशव्यांवर त्याने 18 प्रमाणे 2,376 रुपये जादा मिळविले असतील. तो म्हणाला, "गुरुजी, माझं चार दिवसांचं पाप असंल, तर वरच्याचं चाळीस दिवसांचं आहे. त्याच्या दारात कुणाची पोरगी जाती का पिशवी वाचायला?"

ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. हा दुकानदार काही परमुलखातून आलेला नाही; त्याच्या बापाने रानात नांगर धरलेला आम्ही पाहिला आहे. आपल्यातला माणूस गल्ल्यावर बसला म्हणजे भाव आपोआप न्यायाचा होतो, अशी जी समजूत आपण करून घेतली होती ती खोटी ठरली. आणि सगळी लबाडी त्या गल्ल्यातच आहे हीही समजूत तितकीच खोटी आहे. साखळीची शेवटची कडी आपल्या हाताला लागते म्हणून आपण तिलाच हिसडा देतो.

पूर्वी ही साखळी गावातच सुरू होऊन गावातच संपत असे. करडई, भुईमूग घरचा. तेल्याच्या घाण्यावर नेऊन टाकला, डोळ्यांदेखत तेल निघाले, पेंड बैलाला नेली. तेथेही मापात पाप होतच असेल, तो काळ सत्ययुग होता असे म्हणणारे म्हातारे आम्हांस पटत नाहीत. पण भाव का चढला हे कळण्यास बंदराकडे पाहावे लागत नसे. करडई पिकली की नाही हे शिवारातच दिसे. 1986 साली तेलबियांची मोहीम निघाली आणि आठ-दहा वर्षांत देश तेलाच्या बाबतीत जवळजवळ आपल्या पायांवर उभा राहिला होता. 1994 साली पामोलीनची आयात खुली झाली. पुढे आयातकर खाली खाली येत गेला. घाणे बसले, करडईचे रान उसाखाली गेले. 2023-24 च्या तेलवर्षात आपण सुमारे 160 लाख टन तेल बाहेरून आणले, गरजेच्या निम्म्याहून अधिक. पाम इंडोनेशिया व मलेशियाचे, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलचे, सूर्यफूल रशिया-युक्रेनचे. जानेवारी 2020 मध्ये मलेशियाच्या पंतप्रधानांच्या काश्मीरविषयीच्या बोलण्यावरून दोन सरकारांत तेढ पडली असता शुद्ध पाम तेलाच्या आयातीवर बंधन आले. 28 एप्रिल 2022 पासून इंडोनेशियाने जवळजवळ महिनाभर आपले तेल बाहेर जाऊ दिले नाही. भांडण राजधान्यांत होते आणि भाकरीवरची चटणी कोल्हारात कोरडी पडते.

ह्या दूरच्या भांडणांचा बाऊ करून खपविलेली लबाडी आणखी निराळी. 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेने हिंदुस्थानी मालावर आधी 25 आणि 27 तारखेपासून आणखी 25, मिळून 50 टक्के कर बसविला. त्या आठवड्यात आमच्या पेठेत चहाची पुडी, मीठ, खोबरे, जे जे महाग म्हणून सांगितले गेले त्याचे कारण एकच : "अमेरिकेनं कर लावला ना!" अहो, तो कर आपला माल त्यांच्या बंदरात उतरतो तेव्हा लागणारा. कोळंबी पाठविणारा कोळी, कापड पाठविणारा गिरणीवाला, त्यांचे कामगार ह्यांना त्याची झळ बसली, ती खरी होती. परंतु त्याने मिठाची पुडी महाग कशी होईल? माल तिकडे जाईनासा झाला तर उलट इकडे स्वस्त व्हावा. ऐकणाऱ्यांपैकी एकानेही हे विचारले नाही. आम्हीही रांगेत शेवटी होतो आणि आमचीही घाई होती.

गंमत अशी की त्याच सुमारास आमचा एक जुना विद्यार्थी, जो न्यू जर्सीकडे नोकरीस आहे, त्याचा फोन आला. तो सांगू लागला की तिकडच्या देशी दुकानात तूरडाळ, पोहे, मसाले सगळे रातोरात चढले. "गुरुजी, पोत्यावरची तारीख मार्चची आहे, आणि दुकानदार म्हणतो ऑगस्टचा कर लागला." आम्ही त्यास विचारले, मग तू काय केलेस? तो म्हणाला, "काय करणार, घेतली." कोल्हार काय नि अमेरिका काय, जुना माल सगळीकडे एकच भाषा बोलतो.

अमेरिकेचे भांडण आमच्या जिल्ह्यास नवे नाही. 1861 ते 1865 ह्या काळात तिकडे यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडले, कुणब्याने कर्ज काढले. युद्ध मिटले, भाव कोसळला, आणि वहीतला आकडा मात्र वाढतच राहिला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी ठिणगी पडली. आपल्या नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत ह्या तालुक्यांत ती पसरली. त्या लोकांनी काय जाळले? बहुतेक ठिकाणी माणसांच्या जिवास हात न लावता खतपत्रे जाळली. जो कागद वाचता येत नव्हता आणि ज्यावर आपला अंगठा होता, तो कागद. 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो त्यामुळे. आज आपल्याला कागद वाचता येतो. लोहाराच्या नऊ वर्षांच्या पोरीला येतो. तरी तो वाचल्याबद्दल तिच्या बापाला टोपी हातात घ्यावी लागली.

आपल्या लोकांचेही थोडे कान उपटले पाहिजेत. कर वाढल्याची बातमी फुटताच ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांनी त्याच दिवशी डबेच्या डबे उचलले. नोव्हेंबर 2016 मध्ये उत्तरेकडे मीठ संपल्याची अफवा उठली तेव्हा शहाणी माणसे रात्री दुकानापुढे रांगा लावून उभी होती. समुद्र आटला नव्हता. एकाने साठविले की दुसऱ्यासाठी भाव चढतो, आणि हा दुसरा नेहमी वाटी घेऊन येणारा असतो. शिवाय डबा उचलताना किती जणांनी त्यावरचे अक्षर वाचले? 15 किलोचा डबा निराळा आणि 15 लिटरचा निराळा. लिटरभर तेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅम भरते. तेव्हा 15 लिटरच्या डब्यात 13 किलो 650 ग्रॅम तेल असते. दोन डबे शेजारी ठेवले तर डोळ्यांस फरक दिसत नाही. भावात दोनशे रुपयांचा फरक सांगून "स्वस्त" म्हणून जो दिला जातो तो बहुधा दुसरा असतो. पिशव्यांचेही तसेच. लिटरभराच्या पिशवीसारखी दिसणारी पिशवी हाती घ्या. कोठे 850 ग्रॅम, कोठे 800, कोठे 750. भाव वाढविला तर बाई ओरडते, म्हणून भाव ठेवून तेल कमी केले. 1 जानेवारी 2024 पासून पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भाव छापणे सक्तीचे आहे. अक्षर मुंगीएवढे असते, पण असते. तेवढे एक वाचले तरी पुष्कळ काम होते.

सरकारास आमचे सांगणे थोडे आहे. ज्या रात्री कर वाढवाल त्याच रात्री कारखानदार व घाऊक व्यापारी ह्यांच्या साठ्याचा आकडा लिहून घ्या आणि तो जिल्ह्याजिल्ह्यात जाहीर करा. सल्ला पुरे. खाली आम्ही 132 पिशव्या मोजल्या. वरचे 30 लाख टन तुम्ही मोजा.

आणि आपण काय करावे? आमच्या शेजारी लोणीस 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या भागांवर साखर कारखाना उभा केला. ज्यांच्याजवळ घरावर कौल नव्हते अशांनी भाग घेतले. ज्या मुलखातल्या लोकांनी आख्खा कारखाना उभारला त्यांना दहा घरे मिळून तेलाचा डबा आणता येऊ नये काय? इंग्लंडात रॉचडेल गावच्या 28 जणांनी, त्यांत बरेचसे विणकर होते, डिसेंबर 1844 मध्ये पीठ, लोणी, साखर अशा चार-दोन जिनसांवर आपले दुकान उघडले. माप पुरे, माल निर्भेळ, व्यवहार रोख, आणि नफा ज्याने जितके घेतले त्या प्रमाणात परत. मुंबईत अपना बाजार 1948 पासून आहे. गावोगावी विकास सोसायट्या आहेत. त्या खत विकतात, तेलही विकू शकतात. अडचण एकच, आणि ती मोठी आहे : अशी दुकाने रोखीवर चालतात. उधारीवाला तेथेही दाराबाहेरच राहतो. रॉचडेलच्या नियमाने आमच्या लोहाराची चूल पेटत नाही. म्हणून आम्ही निराळे करून पाहत आहोत.

आमच्या गल्लीतील नऊ घरे दर महिन्यास 15 किलोचा डबा घाऊक व्यापाऱ्याकडून आणतात. पावती ज्याच्या घरी वाटप होते त्याच्या दारावर टांगतात. नवव्या घरचे पैसे उरलेली आठ घरे भरतात आणि तो हंगामात फेडतो. विळे, खुरपी, कोयत्यांना धार लावून फेडले तरी चालते. नववे घर त्या लोहाराचे आहे. त्यास राजी करण्यास आम्हांस तीन महिने लागले. दुकानातले त्याचे खाते अजून बंद झालेले नाही. साखर, चहा तेथूनच येतो, पण बाकी निम्म्यावर आली आहे. दुकानदार आमच्यावर पहिले काही दिवस रुसला होता. मागल्या महिन्यात त्याने दाराशी एक पाटी लावली : जुन्या खरेदीच्या किती पिशव्या शिल्लक आहेत आणि त्यांचा भाव काय. रोज लिहितो असे नाही. काल गेलो तेव्हा पाटी कोरी होती. त्या पोरीने खडू मागून घेतला आणि फळीवरच्या पिशव्या मोजू लागली. शेठ वजन करीत होते, त्यांनी पाहिले आणि पाहू दिले.